रात्रीत मऊ पडणारी हवेची मॅट : नागपूरच्या महाल भागातल्या कोठीत केलेली एक तपासणी

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात माझी भाची सकाळी साडेसहाला गच्चीवरून खाली आली ती कमरेवर हात ठेवूनच. "मामा, पॅड लीक आहे. पहाटे चारपासून मी फरशीवरच झोपून आहे."

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ती केदारकंठ्याला जाणार होती. उत्तराखंडातलं हे शिखर सुमारे 3,800 मीटर उंच आहे. सांक्री गावातून चढायला सुरुवात होते आणि त्या दिवसांत वरचे मुक्काम बर्फावरच पडतात. तिने त्यासाठी ऑनलाइन एक हवा भरायचं स्लीपिंग पॅड मागवलं होतं. 183 सेंटिमीटर लांब, 51 रुंद, साडेसात जाड, वजन अर्धा किलोच्या आसपास. सोबत हवा भरायची पिशवी, म्हणजे पंप सॅक. परीक्षेच्या गडबडीत डबा बारा दिवस तसाच पडून राहिला आणि परत करायची मुदत दहा दिवसांची होती. म्हणजे पॅड आता आमचंच होतं, बरं असो की वाईट.

मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि गेली वीस वर्षं डोंगरात जातो. बर्फावर अंगाखालचा थर गेला की स्लीपिंग बॅग कितीही जाड असली तरी उपयोग होत नाही, कारण अंगाच्या वजनाने तिचा खालचा भाग दबून पापड झालेला असतो. त्या पोरीची झोप आणि ऊब या पॅडवर अवलंबून होती. म्हणून पुढचे चार आठवडे आम्ही या एका वस्तूमागे लागलो. काय केलं, कुठे चुकलो आणि काय सापडलं ते इथे सविस्तर लिहितो.

चार जणांची चार मतं

विक्रेत्याच्या माणसाने फोनवर सांगितलं की थंडीत हवा आकसते, त्यामुळे पॅड मऊ लागतं, हा दोष धरला जात नाही. गळती असेल तर बुडबुड्यांचा व्हिडिओ पाठवा. आम्ही पॅड घेऊन चौकातल्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने टोपण लावलेलं पॅड घडी करत करत, एकेक भाग पाण्याच्या टबात बुडवून दाबून पाहिला. चांगली दहा मिनिटं दिली, पैसे घेतले नाहीत. "भाऊ, याच्यात पंक्चर नाही. असतं तर बुडबुडा आलाच असता." भाचीचं म्हणणं ठाम होतं की लीक आहे, कारण फरशी तिच्या कमरेला लागली होती. आणि आई म्हणाली, "हवा चाललीच जाते तर घेतलं कायले? गादी घेऊन जा ना बापा."

पहिल्या तिघांच्या म्हणण्यात प्रत्येकी थोडं थोडं खरं होतं, आणि गुंता नेमका त्यामुळेच झाला. पॅड मऊ पडण्याची निदान तीन कारणं असू शकतात: हवा बाहेर जाते, हवा आतच थंड होऊन आकसते, किंवा नवं कापड ताण बसून सैलावतं. गच्चीवरच्या एका रात्रीत ही तिन्ही एकदम काम करतात. सकाळी मऊ पॅड हातात घेऊन त्यातलं कोणतं कारण किती, हे कुणालाच सांगता येत नाही. तिन्ही कारणं सुटी करणं हे आमचं पहिलं काम होतं.

आधी हिशेब

त्या रात्री तिने संध्याकाळी पाचला, 29 अंशात, पंप सॅकने पॅड भरलं होतं. पहाटे गच्चीवर 13 अंश होते. हवेचं आकारमान निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतं. 29 अंश म्हणजे 302 केल्विन. त्यात 16 अंशांची घट म्हणजे पाच टक्क्यांहून थोडी जास्त. या पॅडमध्ये साधारण 60 लिटर हवा मावते, म्हणजे तीन लिटर गेल्यासारखी झाली. छिद्र एकही नसताना.

तोंडाने फुंकून भरलं असतं तर आणखी वाईट झालं असतं. आपला उच्छ्वास सुमारे 34 अंशांचा असतो आणि बाष्पाने भरलेला असतो. त्या तापमानाला जवळपास पाच टक्के जागा वाफेचीच असते. 13 अंशांपर्यंत गार होताना त्यातली बहुतेक वाफ पाणी होऊन आतल्या कापडाला चिकटते. थंडीची घट आणि वाफेची घट धरून दहा टक्के हिशेबातून जातात. वर आत ओल राहते आणि बुरशी धरते ते वेगळंच. ट्रेकला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हे सांगतो: पंप सॅक ओझं वाटली तरी घ्या, पॅड फुंकू नका.

पण तीन लिटरने कंबर थेट फरशीला टेकेल का? भाचीचं वजन 54 किलो. मला ते पटत नव्हतं. विक्रेता म्हणतो ते कारण खरं होतं, पण तेवढ्याने भागत नव्हतं.

गवंड्याची लेव्हल नळी

असल्या पॅडमधला दाब फार कमी असतो. अर्धा पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) म्हटला तर तो पाण्याच्या 35 सेंटिमीटर उंचीएवढाच होतो. सायकलच्या किंवा गाडीच्या गेजवर काटा हलतसुद्धा नाही. पण 35 सेंटिमीटर पाणी मोजायला गेज कशाला हवा? घराच्या डागडुजीवेळी गवंड्याने पातळी काढायला आणलेली पारदर्शक नळी कोठीत पडून होती. तिचा तीन मीटरचा तुकडा इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवून फळीवर खिळ्यांनी बसवला, मागे शिंप्याची टेप चिकटवली, आत पाणी भरून निळ्या शाईचे दोन थेंब टाकले. एक तोंड उघडं, दुसरं पॅडच्या व्हॉल्व्हला. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक हाच पॅडचा दाब.

जोडणी करायला पंप सॅकचं प्लास्टिकचं तोंड वापरलं. या पॅडच्या व्हॉल्व्हमध्ये सिलिकॉनची एक पातळ चकती असते, रुपयाच्या नाण्याएवढी. हवा आत जाताना ती उचलली जाते, बाहेर यायला लागली की आपल्या जागी बसते. सॅकच्या तोंडाला आम्ही एक काडी अशी बसवली की ती चकतीला ढकलून उघडी ठेवेल. सांध्याला व्हॅसलीन लावून वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली.

आमचं महालातलं घर जुनं आहे, भिंती दीड हात जाड. मधली कोठी बिनखिडकीची. तिथे नोव्हेंबरात रात्रंदिवस साडेचोवीस-पंचवीस अंश असतात. हे फार मोलाचं ठरलं, कारण पॅड न ताणलं जाता बंद राहिलं तर एका अंशाच्या फरकाने दाब साधारण साडेतीन सेंटिमीटर हलतो. गच्चीवर दाब मोजण्यात अर्थच नव्हता.

आणखी एक सावधगिरी. आपल्या उष्ण पट्ट्यात वातावरणाचा दाबसुद्धा दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, चारच्या सुमारास खाली. फरक थोडा असतो, पण आमच्या नळीवर दोन-तीन सेंटिमीटर सहज दिसतो. म्हणून सगळी मापं रात्री दहाची. भाची रोज दहाला यायची, वही उघडायची, आणि मला बोलू न देता आधी स्वतः वाचायची.

नळी जोडलेली आणि नळी काढलेली

पहिल्या रात्री 35 सेंटिमीटरला भरलं, नळी जोडूनच ठेवली. दुसऱ्या रात्री दहाला तापमान तेवढंच आणि दाब 32. पुन्हा 35 ला आणलं. तिसऱ्या रात्री 34. नवं कापड पहिल्यांदा थोडं ताणलं गेलं आणि मग थांबलं, असा मी अर्थ लावला. पॅड ठीक आहे, गळती नाही, विक्रेत्याचंच खरं, असं मी जाहीरही केलं.

इथे मी चुकलो होतो, आणि चूक भाचीने दाखवली. ती वहीकडे बघत म्हणाली, "पण मामा, मी झोपते तेव्हा नळी कुठे असते? तिथे टोपण असतं."

तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. नळी जोडली की चकती उघडी राहते आणि हवा अडवायचं काम आमचा व्हॅसलीनचा सांधा करतो. म्हणजे तीन रात्री आम्ही कापड आणि शिवणी तपासल्या होत्या. व्हॉल्व्ह तपासलाच नव्हता. पंक्चरवाल्याच्या टबातही तसंच झालं असणार. टोपण लावलेलं, दहा मिनिटांची वेळ, आणि टोपणाच्या खोबणीतून एखादा बुडबुडा सावकाश आलाच तर घडीत अडकलेल्या हवेचा समजून सोडून दिला जातो.

आता उलट केलं. 35 ला भरून नळी काढली, टोपण लावलं, चोवीस तास ठेवलं आणि मग परत जोडून मोजलं. जोडताना-काढतानाच किती हवा निसटते ते आधी पाहून घेतलं; लागोपाठ काढून जोडलं तर तीन सेंटिमीटर जातात. चोवीस तासांनी दाब 11. पुन्हा एकदा केलं, 9.

नंतर वजन ठेवून पाहिलं, कारण रिकामं पॅड आणि माणूस झोपलेलं पॅड यांत फार फरक. तांदळाचे 25 किलोचे दोन कट्टे मध्यावर ठेवले. सहा तासांत पॅड फरशीला टेकलं. रात्री दहाला झोपलेल्या पोरीला पहाटे चारला फरशी लागली होती. तिचा हिशेब आमच्या कट्ट्यांशी जुळला.

एक तंतू

टोपण काढून, पॅडवर कट्टे तसेच ठेवून, व्हॉल्व्हच्या खळग्यात भांड्याच्या साबणाचं पाणी चमचाभर घातलं. अर्धा मिनिट काही नाही. मग चकतीच्या कडेला, घड्याळात चारचा आकडा असतो त्या जागी, खसखशीएवढा एक ठिपका आला. तो मोहरीएवढा झाला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा आला. भाचीने श्वास रोखून धरला होता. तिने व्हिडिओ काढला.

हवा सोडून, चकती चिमट्याने उचलून भिंगातून पाहिलं. तिच्याखाली एक तंतू आडवा पडला होता, पापणीच्या केसाहून बारीक, पांढरा. बोटाने लागतही नव्हता. कापसाचा. पहिल्या रात्री तिने गच्चीवर कापसाची गादी अंथरली होती आणि तिच्यावरच पॅड ठेवून भरलं होतं; झोपताना ते फरशीवर घेतलं. पंप सॅकचं तोंड गादीजवळ उघडून हवा गोळा करायची आणि ती दाबून आत ढकलायची, यात गादीच्या धाग्यादोऱ्यांचा कण आत गेला आणि चकतीखाली अडकून बसला. आमच्याकडे गादी वापरलेली खोली झाडली की केरात कापूस निघतोच. त्याकडे कुणी लक्ष देत नाही.

तंतू काढला, चकती टेकते ती जागा ओल्या सुती फडक्याऐवजी चष्म्याच्या कापडाने पुसली (सुती फडकं म्हणजे पुन्हा तेच तंतू), चकती बसवली. टोपणासह चोवीस तासांनी दाब 31, म्हणजे चार कमी, आणि त्यातले तीन जोडणीचे. कट्टे ठेवून रात्रभर: सकाळी फरशीपासून चार बोटं वर.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे असं पॅड मऊ पडलं की लोक पहिल्यांदा ट्यूबचं सोल्युशन आणि पॅच शोधतात. कापडावर पॅच लावून हे कधीच बरं झालं नसतं. उलट व्हॉल्व्हच्या आसपास सोल्युशन लागलं असतं तर पॅड कायमचं गेलं असतं.

तरीही मऊ

दुरुस्त पॅड घेऊन भाची पुन्हा गच्चीवर झोपली. संध्याकाळी पाचलाच भरलं. सकाळी म्हणाली, "कंबर टेकली नाही, पण मऊ झालंच."

होणारच होतं. गळती गेली तरी थंडी होतीच. पाच टक्क्यांचा हिशेब आपल्या जागी होता. त्यामुळे तिसऱ्या वेळी एकच गोष्ट बदलली: संध्याकाळी पॅड नुसतं पसरून सैल भरायचं, आणि रात्री साडेदहाला, हवा गार झाल्यावर, झोपण्याच्या आधी पंप सॅकने पुरतं घट्ट करायचं. त्या रात्री पॅड सकाळपर्यंत कडक राहिलं. साडेदहा ते पहाट यांत तापमान फारसं उतरत नाही, आणि अंगाची ऊबही आतल्या हवेला मिळते.

म्हणजे दोन कारणं एकमेकांवर चढून बसली होती. विक्रेत्याचं ऐकून थांबलो असतो तर गळती तशीच बर्फावर गेली असती. गळती सापडल्यावर थांबलो असतो तर तिथल्या पहिल्या रात्री पॅड मऊ लागलं असतं आणि ती अंधारात छिद्र शोधत बसली असती.

बर्फाची लादी

उरला ऊबेचा प्रश्न. डब्यावर आर-व्हॅल्यू 4.5 छापली होती. हा आकडा पॅड उष्णतेला किती अडवतं ते सांगतो. जास्त तितकं चांगलं. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजायची. 2018 मध्ये एएसटीएम एफ 3340 हे मानक आलं, ज्यात पॅड अंगाएवढ्या गरम आणि जमिनीसारख्या थंड अशा दोन प्लेटांमध्ये ठेवून गरम प्लेट तशीच ठेवायला किती ऊर्जा लागते ते मोजतात. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवता येऊ लागले. आमच्या डब्यावर मानकाचा उल्लेख नव्हता.

नागपुरात बर्फावर झोपून बघायची सोय नाही. आपला पारा सगळ्यात खाली गेल्याची नोंद 3.5 अंशांची आहे, 29 डिसेंबर 2018 ची, आणि दरवर्षी काही तसं होत नाही. म्हणून बर्फच घरी आणला. कारखान्यातून पाव लादीचे दोन तुकडे, न्हाणीघरात गोणपाटावर शेजारी शेजारी, वर पत्रा. पत्र्यावर पॅड. पॅडवर शेकायची रबरी पिशवी, तिच्यात 45 अंशांचं दीड लिटर पाणी आणि थर्मामीटर, वरून थर्माकोलचा डबा पालथा. एका तासात पाणी किती गार होतं ते बघायचं.

सोबत तुलनेला माझी जुनी घडीची फोम मॅट होती, जिची आर-व्हॅल्यू मानकाप्रमाणे 2 आहे. आणि पाहुण्यांसाठीची साधी हवेची गादी, जिच्यात कसलंच अस्तर नाही. आधी पिशवी थर्माकोलच्या जाड ठोकळ्यावर ठेवून पाहिली: तासाला एक अंश तर बाजूंनीच जातो. तो सगळ्यांतून वजा धरायचा.

साध्या हवेच्या गादीवर पाणी तासात आठ अंश उतरलं. फोमवर पाच. आमच्या पॅडवर चार. फोम खाली आणि पॅड वर असं ठेवल्यावर पावणेतीनच्या आत-बाहेर.

पॅड खोटं नव्हतं. आत उष्णता परतवणारं अस्तर खरंच आहे, आणि फोमपेक्षा ते चांगलं आहे. पण 4.5 चा दावा खरा असता तर एकट्या पॅडवरच पाणी पावणेतीन अंशांच्या आसपासच उतरायला हवं होतं. आमच्या मापाने पॅडची आर-व्हॅल्यू पावणेतीनच्या जवळपास बसते. ही घरगुती चाचणी आहे, पिशवी लहान आहे आणि ती कूस बदलत नाही. माणूस हलला की आतली हवाही हलते आणि ऊब आणखी जाते. तेव्हा चुकलोच असू तर पॅडच्या बाजूने.

निर्णय सोपा होता. आर-व्हॅल्यूंची सरळ बेरीज होते. फोम खाली, पॅड वर. पाठीवरच्या सॅकचं वजन चारशे ग्रॅम वाढलं. भाचीने त्यासाठी दुसरी जीन्स काढून ठेवली. फोम खाली असल्याने खड्यांपासून बचाव होतो, आणि व्हॉल्व्ह कधी दगा देईल तर निदान काहीतरी अंगाखाली राहतं. सगळे आकडे आणि बुडबुड्यांचा व्हिडिओ विक्रेत्याला पाठवला. उत्तर आलं नाही.

तिकडे

परत आल्यावर तिने वही दिली. जुडा का तालाबच्या मुक्कामाला साडेपाचला सैल भरलं, नऊला घट्ट केलं, सकाळी ठीक. पुढच्या मुक्कामाला फार दमली होती, नऊला परत भरलंच नाही. तीनला जाग आली, कंबर खाली फोमवर. हात स्लीपिंग बॅगेबाहेर काढून अंधारात पंप सॅकने भरावं लागलं. त्याच पानावर आणखी एक नोंद आहे, जी माझ्या डोक्यात कधी आली नसती: तंबूत भुरभुरा बर्फ येतो आणि व्हॉल्व्हच्या खळग्यात बसतो, म्हणून टोपण लावायच्या आधी चकतीवरून दर वेळी अंगठा फिरवायचा.

पॅड आता कोठीच्या दारामागे लटकवलेलं आहे. घडी नाही, व्हॉल्व्ह उघडा, म्हणजे आतली ओल निघून जाईल. मे महिन्यात ते भरून गच्चीवर वाळत टाकायचं नाही, हे मी आईलाही सांगून ठेवलं आहे. उन्हात साठ अंशांना तापलेल्या पॅडमधला दाब तिप्पट-चौपट होऊ शकतो आणि मग आतल्या पडद्यांचे सांधे सुटून मध्येच टेंगूळ येतं. त्याला दुरुस्ती नाही. आई म्हणाली, "मी कायले टाकू गच्चीवर? माझी गादी टाकायची असते तिथे." मग मी गादीच्या कापसाची गोष्ट पुन्हा काढली, आणि तिने ती पुन्हा पहिल्यापासून ऐकून घेतली.